परसबागेतील झाडांचे रोगनिदान आणि स्वयंसेवकांचे साहाय्य

शेतातील उभ्या पिकावर रोग पडला, म्हणजे शेतकरी चार जाणत्यांना बांधावर बोलावतो, शेजाऱ्याच्या पिकाशी आपले पीक ताडून पाहतो आणि प्रसंगी कृषी खात्याच्या कचेरीत जातो. परंतु परसातील लिंबाचे झाड पिवळे पडले, कुंडीतील जास्वंदीच्या कळ्या गळू लागल्या किंवा वाफ्यातील टोमॅटोची फळे बुडाशी काळी पडली, तर घरच्या गृहिणीने अथवा हौशी बागकाम करणाऱ्याने कोणास विचारावे? दोन झाडांसाठी अधिकाऱ्यास तसदी देण्याचा संकोच वाटतो. मग मनुष्य दुकानात जातो आणि "पाने पिवळी पडली आहेत, काही तरी द्या," असे म्हणतो. दुकानदाराने झाड पाहिलेले नसते. तो एखादी बाटली काढून देतो. औषध फवारले जाते, झाड होते तसेच राहते, आणि आठवड्याने दुसरी बाटली घरात येते.

रोगाचे नाव कळण्यापूर्वी औषधाचे नाव विचारणे ही परसबागेत सर्रास होणारी चूक आहे. तिच्यापायी पैसा व्यर्थ जातो एवढेच नव्हे, तर ज्या भाजीवर हे विष पडते, ती भाजी दोन दिवसांनी घरातील मुलाबाळांच्या ताटात येते. म्हणून झाड नीट पाहून, योग्य प्रश्न विचारून, निदान झाल्यावाचून औषधास हात लावू न देणारा एखादा जाणता शेजारी लाभणे फार मोलाचे असते. असे शेजारी गावोगाव तयार करता येतात, त्यांच्याकडून साहाय्य कसे घ्यावे आणि त्यांच्याकडे जाताना आपली तयारी काय असावी, याचा विचार या लेखात केला आहे.

या पद्धतीचा उगम

अमेरिकेत १९१४ सालच्या कायद्याने कृषिविस्ताराचे काम विद्यापीठांकडे सोपविण्यात आले व परगण्या-परगण्यांत विस्तार अधिकारी काम करू लागले. पुढे शहरे वाढली. १९७० नंतरच्या काळात वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल व टॅकोमा या शहरांच्या परिसरात घरबागांचा छंद इतका पसरला, की अधिकाऱ्यांकडे येणाऱ्या प्रश्नांचा निपटारा होईना. शेतकऱ्यांच्या कामासाठी नेमलेल्या माणसांचा दिवस गुलाब आणि हिरवळीच्या प्रश्नांत संपू लागला.

तेव्हा वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या विस्तार विभागातील डेव्हिड गिबी व बिल शीअर या अधिकाऱ्यांनी एक युक्ती योजिली. बागकामाची आवड असलेल्या नागरिकांना विद्यापीठाने प्रशिक्षण द्यावे आणि त्याची परतफेड म्हणून त्या नागरिकांनी ठराविक तास लोकांच्या प्रश्नांना विनामूल्य उत्तरे द्यावीत, अशी ही योजना होती. प्रारंभी विद्यापीठातील काही मंडळींना तिच्याविषयी शंका वाटली. म्हणून १९७२ साली टॅकोमा येथील एका मोठ्या बाजारसंकुलात चाचणीदाखल एक सल्लाकेंद्र मांडण्यात आले. लोकांनी तेथे एवढी गर्दी केली, की गरजेविषयी संशय उरला नाही. १९७३ साली स्वयंसेवकांचे पहिले प्रशिक्षण झाले. जर्मनीत बागकामात पारंगत झालेल्यास 'गार्टेनमाइस्टर' म्हणतात. त्यावरून या स्वयंसेवकांस 'मास्टर गार्डनर' असे नाव मिळाले. आज ही पद्धत अमेरिकेतील बहुतेक सर्व राज्यांत आणि कॅनडाच्या काही भागांत रूढ झाली आहे.

या योजनेतील दोन नियम आपणही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा, की स्वयंसेवकाने प्रयोगाने सिद्ध झालेली व विद्यापीठाने मान्य केलेली माहितीच सांगावी. ऐकीव तोडगे सांगू नयेत. दुसरा असा, की या पदाचा उपयोग स्वतःच्या धंद्यासाठी करू नये. सल्ला देणारा आणि बाटली विकणारा निरनिराळा असला, म्हणजे "काहीही फवारू नका" हा सल्लाही मोकळेपणाने देता येतो. पुष्कळ वेळा तोच खरा सल्ला असतो.

स्वयंसेवक काय करतो

स्वयंसेवक हा वनस्पतिरोगशास्त्राचा पंडित नव्हे. त्याचे मुख्य काम पाहणे, विचारणे आणि जे संभवत नाही ते वगळणे हे होय. झाडाच्या दुखण्याची कारणे दोन वर्गांत मोडतात. पहिल्या वर्गात बुरशी, जिवाणू, विषाणू, सूत्रकृमी व किडी ही सजीव कारणे येतात. दुसऱ्या वर्गात पाण्याची कमी-जास्त मात्रा, अन्नद्रव्यांची उणीव, ऊन, थंडी, क्षार, तणनाशक ही निर्जीव कारणे येतात. परसबागेतील दुखण्यांचा मोठा भाग या दुसऱ्या वर्गातला असतो आणि त्यावर कोणतेही कीटकनाशक चालत नाही.

हे दोन वर्ग ओळखण्याची एक सोपी रीत आहे. सजीव कारणाने होणारे दुखणे बहुधा एका जातीच्या झाडावर प्रथम दिसते आणि हळूहळू पसरते. याउलट एकाच दिवशी तुळस, टोमॅटो, गुलाब अशा निरनिराळ्या जातींच्या झाडांवर सारखेच लक्षण दिसले, किंवा एका ठराविक रेषेपर्यंतचीच झाडे करपली, तर कारण बहुधा निर्जीव आहे असे समजावे आणि पाणी, माती, फवारणी यांची चौकशी प्रथम करावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक गृहिणी गावातील निवृत्त शिक्षकांकडे टोमॅटोची फांदी घेऊन आली.

"गुरुजी, पाने दोरीसारखी बारीक होऊन पिळवटली आहेत. विषाणूचा रोग आहे म्हणतात. सगळी रोपे उपटून टाकू का?"

"घाई नको, ताई. पांढरी माशी दिसली का? पान उलटून पाहिलेत?"

"पाहिले. एकही माशी नाही. पण चारी वाफ्यांत एकदमच झाले आहे."

"गेल्या पंधरवड्यात काही फवारले होते?"

"नुसते कडुनिंबाचे पाणी. पंप दिरांचा आणला होता."

"त्यांनी तो पंप कशाला वापरला होता, ते विचारा बरे."

त्या पंपाने बांधावरील तणावर टू-फोर-डी हे तणनाशक फवारले होते, असे चौकशीअंती कळते. पंप वरवर धुतला, तरी या तणनाशकाचा अंश त्यात राहतो आणि टोमॅटो, कापूस, द्राक्ष यांसारख्या झाडांना त्याची अल्प मात्राही बाधते. पाने अरुंद व पिळवटलेली होतात आणि पाहणारास विषाणूचा भास होतो. येथे औषधाची गरज नाही. बाधा सौम्य असेल तर नवी पालवी हळूहळू नीट येते. मात्र बाधित रोपांची फळे न खाणेच सुरक्षित होय, आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवला पाहिजे. या सर्व उलगड्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागले नाही. एक नेमका प्रश्न पुरेसा झाला.

नमुना कसा न्यावा

निदानाची निम्मी सिद्धी नमुन्यावर अवलंबून असते. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(१) पूर्ण वाळलेले पान किंवा मेलेले झाड नेऊ नये. मेलेल्या भागावर सडक्या पदार्थांवर जगणाऱ्या इतर बुरशा वाढतात व मूळ कारण झाकले जाते. रोगट व निरोगी भाग जेथे मिळतात, ती सीमा नमुन्यात आली पाहिजे.

(२) नुकताच प्रारंभ झालेले, मध्यम आणि पूर्ण ग्रासलेले असे तिन्ही अवस्थांतील भाग घ्यावेत. सोबत त्याच झाडाचे एक निरोगी पानही न्यावे, म्हणजे तुलना करता येते.

(३) झाड कोमेजत असेल, तर केवळ पाने नेऊन उपयोग नाही. छोटे रोप मुळांसकट, भोवतालच्या मातीसह खणून काढावे. उपटू नये, उपटल्याने बारीक मुळे तुटून जमिनीत राहतात आणि दोष बहुधा त्यांतच असतो.

(४) पाने कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावीत. ओली पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्यास वाटेतच कुजतात. मात्र पांढरी माशी, मावा यांसारखी किडी असलेली फांदी बंद पिशवीतच न्यावी, नाहीतर कीड दुसऱ्याच्या बागेत जाईल. किडे लहान बाटलीत ठेवावेत.

(५) नमुना सकाळी घेऊन त्याच दिवशी दाखवावा. उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये.

आता बहुतेकांच्या हाती छायाचित्रे घेणारा दूरध्वनी असतो, त्याचाही चांगला उपयोग होतो. परंतु केवळ एका डागाचे छायाचित्र पाठविल्यास निदान होत नाही. निदान चार छायाचित्रे घ्यावीत. पहिल्यात संपूर्ण झाड व त्याचा परिसर, दुसऱ्यात रोगट फांदी, तिसऱ्यात पानाची वरची बाजू आणि चौथ्यात पानाची खालची बाजू यावी. मापाचा अंदाज यावा म्हणून शेजारी एखादे नाणे ठेवावे. भर उन्हात रंग फिके दिसतात. सावलीत घेतलेले छायाचित्र अधिक विश्वसनीय असते.

सांगावयाची माहिती

नमुन्यासोबत पुढील प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून न्यावीत. झाड कोणते, किती वर्षांचे व कोठून आणलेले आहे? लक्षण प्रथम केव्हा दिसले, आणि एकाएकी की हळूहळू? ते नव्या पानांवर आहे की जुन्या पानांवर? शेजारच्या इतर जातींच्या झाडांना तसेच काही झाले आहे काय? पाणी किती दिवसांनी देता, आणि कुंडीच्या तळाचे भोक उघडे आहे काय? गेल्या महिनाभरात कोणते खत व कोणते औषध दिले, आणि कोणत्या पंपाने? जवळपास बांधकाम, रंगकाम किंवा खोदाई झाली आहे काय? हा शेवटचा प्रश्न पुष्कळांस अनावश्यक वाटतो. परंतु नव्या घराच्या परसात चुना व सिमेंटचा राडारोडा मातीखाली पुरलेला असतो आणि तेथे लावलेली झाडे वर्षानुवर्षे पिवळी राहतात.

उत्तरे देताना काही लपवू नये. चुकून जास्त युरिया पडला असेल तर तसे सांगावे. सल्ला देणारा दोष देण्यासाठी बसलेला नसतो.

नेहमी येणारी काही उदाहरणे

लिंबाची पाने पिवळी पडणे : जुनी, खालची पाने सारखी पिवळी पडत असतील, तर नत्राची उणीव संभवते. कोवळी पाने पिवळी आणि त्यांतील शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाची उणीव समजावी. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते झाडास घेता येत नाही. तिसरा संभव अतिपाण्याचा. मुळे गुदमरली म्हणजेही झाड पिवळे पडते व अशा झाडास आणखी पाणी घातल्यास ते मरते. एकाच लक्षणाची ही तीन निरनिराळी कारणे असून तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत.

टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडणे : हा पसरणारा रोग नव्हे. फळाच्या टोकास कॅल्शियम कमी पोहोचल्याने असे होते आणि बहुतेक वेळी त्यास अनियमित पाणी कारणीभूत असते. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी देण्याऐवजी बेताचे पाणी नियमित द्यावे व बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे.

वांग्याचे हिरवे झाड एकाएकी कोमेजणे : कोकणासारख्या उष्ण व दमट भागात हे वारंवार दिसते. बुंध्याजवळील खोडाचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात त्याचे एक टोक बुडेल असा धरावा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर होय. तीवर फवारणीचा उपाय नाही. झाड मुळांसकट काढून नष्ट करावे आणि त्या वाफ्यात काही वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी काहीही लावू नये.

मुळांवरील गाठी : घेवडा, चवळी यांच्या मुळांवर गाठी पाहून अनेकजण घाबरतात. नखाने हळूच खरवडताच गाठ सुटून आली व आतून गुलाबी निघाली, तर ती हवेतील नत्र साठविणाऱ्या उपकारक जिवाणूंची आहे. तिला हात लावू नये. मूळच जागोजाग सुजलेले असेल आणि गाठ वेगळी निघत नसेल, तर सूत्रकृमींचा उपद्रव समजावा.

जास्वंदीवरील पांढरा कापूस : हे बहुधा पिठ्या ढेकूण असतात. खोडावर मुंग्यांची रांग आणि पानांवर बोटाने पुसली जाणारी काजळी या त्यांच्या खुणा. जोराच्या पाण्याने फांद्या धुवाव्यात, फार ग्रासलेले शेंडे कापून टाकावेत आणि मुंग्यांचा बंदोबस्त करावा. मात्र त्या पांढऱ्या किड्यांत एखादा मोठा व चपळ दिसला, तर थांबावे. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या एका ढालकिड्याची अळीही अंगावर तसेच पांढरे मेणाचे तंतू बाळगते. आपला रखवालदार आपणच मारू नये.

स्वयंसेवकाच्या मर्यादा

चांगल्या स्वयंसेवकाची ओळख त्याच्या उत्तरांवरून जितकी पटते, तितकीच त्याच्या नकारावरून पटते. "हे मला ओळखता येत नाही, पुढे पाठवू," असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्याच्या अंगी असला पाहिजे. विक्रीसाठी घेतलेल्या पिकाचा प्रश्न, फळबागेत झपाट्याने पसरणारा रोग किंवा पूर्वी न पाहिलेली कीड यांविषयी त्याने स्वतः निर्णय देऊ नये. अशा वेळी नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे पाठवावा. पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे निघाले. आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे आहेत, तर गोव्यात जुने गोवे येथे केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे. २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरवर १८००-१८०-१५५१ या क्रमांकावरून विनामूल्य सल्ला मिळतो.

विषारी औषधांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. परसबागेत फवारणीचे प्रमाण अल्प असले, तरी तेथे अंतरही अल्प असते. स्वयंपाकघराची खिडकी, पाण्याची टाकी आणि खेळणारी मुले पाच-दहा हातांवर असतात. डब्यावरील त्रिकोणाचा रंग औषधाची विषारीता दाखवितो. तांबडा सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य असा हा क्रम आहे. तांबड्या व पिवळ्या त्रिकोणाच्या औषधांस घरबागेत थारा देऊ नये. कोणतेही औषध त्याच्या लेबलावर ज्या पिकाचे नाव आहे त्यावरच, सांगितलेल्या प्रमाणात वापरावे, आणि फवारणी व काढणी यांतील सांगितलेले दिवस पाळावेत. स्वयंसेवकाने आपल्या मनाने मात्रा ठरवून देणे सर्वथा वर्ज्य आहे.

आपल्या गावी प्रारंभ कसा करावा

याकरिता मोठ्या खर्चाची गरज नाही. गावात किंवा शहरातील वसाहतीत बागेचे वेड असलेली पाच-सहा माणसे असतातच. त्यांत निवृत्त शिक्षक, अनुभवी माळी, महिला मंडळातील भगिनी, कृषी शाखेचे विद्यार्थी असे कोणीही चालतील. त्यांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधून प्रशिक्षणाची विनंती करावी. मग आठवड्यातील एक ठराविक दिवस व ठराविक जागा नेमावी. वाचनालयाचा ओटा, शाळेचा वर्ग किंवा आठवडे बाजारातील एक कोपरा पुरे होतो. दिवस व वेळ सहसा बदलू नये. लोकांचा विश्वास नियमितपणावर बसतो.

साहित्य म्हणून दहापट मोठे दाखविणारे भिंग, धारदार चाकू, स्वच्छ पाण्याचा पेला, पांढरा कागद आणि एक नोंदवही ठेवावी. फांदी पांढऱ्या कागदावर झटकली, म्हणजे नुसत्या डोळ्यांना सहज न दिसणारे फुलकिडे व कोळी चालताना दिसतात. एका नमुन्यानंतर चाकू व हात धुवावेत. रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याचे पाप सल्लाकेंद्राच्या माथी येऊ नये.

नोंदवहीत तारीख, झाड, लक्षण, विचारलेले प्रश्न, केलेले निदान आणि दिलेला सल्ला लिहावा. एक रकाना मोकळा सोडून तीन आठवड्यांनी त्यात परिणाम लिहावा. सल्ला घेणाऱ्यानेही "झाड सुधारले" किंवा "सुधारले नाही" हे येऊन सांगितले पाहिजे, कारण चुकलेले निदान कळल्यावाचून स्वयंसेवकाचे ज्ञान वाढत नाही. दोन-तीन वर्षांत या नोंदींवरून आपल्या गावी कोणत्या महिन्यात कोणती कीड येते, कोणत्या आळीतील विहिरीचे पाणी खारे आहे, याचा एक उपयुक्त आलेख तयार होतो. तो आयता कोठल्याही पुस्तकात मिळत नाही.

पुढील वेळी परसातील झाड आजारी दिसले, तर प्रथम पान उलटून पाहावे, माती बोटाने चाचपावी, चार गोष्टी कागदावर टिपाव्यात आणि ती फांदी घेऊन जाणत्या शेजाऱ्याकडे जावे. दुकानाची वाट त्यानंतरही मोकळीच आहे. पण पुष्कळ वेळा तिकडे जाण्याची गरज उरणार नाही. आणि ज्यांना या कामात रस आहे, त्यांनी दुसऱ्याच्या झाडाकडे पाहण्यासाठी आठवड्यातून दोन तास काढावेत. त्यायोगे शेजाऱ्याची बाग तर वाचेलच, पण त्याच्या घरच्या ताटात पडणारी भाजीही निर्धोक होईल.